परग्रहावरच्या जिवाला हात लावण्याआधी: आमच्या शाळेतला अवकाश-सराव

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जानेवारीत आम्ही शाळेतच दोन रात्री मुक्काम करून अवकाश-सराव घेतला. आठवी ते दहावीची १९ मुलं-मुली, दोन शिक्षिका, मी आणि स्वयंपाकाला दोन पालक. तिथे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या सरावासाठी तुमची मतंही हवी आहेत.

शाळेच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे मंगळावरचा तळ. व्हरांडा म्हणजे हवाबंद कक्ष, आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. मैदान आणि त्यापलीकडचा कोरडा नाला म्हणजे मंगळ. बाहेर पडायचं ते जोडीनेच. पिण्याला आणि हात-तोंड धुण्याला मिळून माणशी रोज ५ लिटर पाणी, मोजून. शिक्षकांची खोली म्हणजे पृथ्वी. तिकडे निरोप चिठ्ठीवर लिहून पाठवायचा, ती चिठ्ठी १२ मिनिटं टेबलावर पडून राहणार, मगच आम्ही उघडणार. उत्तरालाही १२ मिनिटं. खऱ्या मंगळाकडे निरोप पोचायला ग्रहांच्या जागेप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यातला मधला आकडा धरला.

पहिल्या संध्याकाळी एका मुलाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. चिठ्ठी आली, "काटा मोडला, काय करू?" आमचं उत्तर पोचेपर्यंत काटा निघालेला होता, हळदही लागली होती. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्यांची भाषाच बदलली. "काय करू" गेलं आणि "हे केलं, आता हे करणार" असं येऊ लागलं. हे मला वर्षभर फळ्यावर शिकवून जमलं नसतं.

दुसऱ्या रात्री मुख्य भाग होता. नाल्यात दगडांआड आम्ही तीन बरण्या लपवल्या होत्या, तिन्हींत सारखीच दिसणारी वाळू. एकीत नुसती वाळू, दुसरीत खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व मिसळलेलं, तिसरीत बेकरीत वापरतात ते यीस्ट. मुलांनी बरण्या शोधून आणल्या आणि तिन्हींत कोमट साखरपाणी ओतलं. दुसरी बरणी ओतताक्षणी फसफसली. सगळी खोली ओरडली, "जिवंत आहे!" दोन मिनिटांत ती गप्प झाली. तिसरीकडे तोवर कोणाचं लक्षच नव्हतं. वीसेक मिनिटांनी तिच्यात बारीक बुडबुडे दिसू लागले आणि झोपायची वेळ आली तरी ते थांबले नाहीत.

मग त्यांना व्हायकिंगची हकीकत सांगितली. १९७६ साली दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. तिथल्या मातीत पोषक द्रव्याचे थेंब टाकले तर वायू बाहेर पडला. पण दुसऱ्या उपकरणाला त्याच मातीत सजीवांशी जोडता येतील अशी कार्बनी द्रव्यं मिळाली नाहीत. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार सापडले. ती फसफस मातीच्याच रसायनाची असावी, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तरी वाद पुरता मिटलेला नाही. म्हणजे आमच्या मुलांसारखेच मोठेही त्या दुसऱ्या बरणीपाशी अडकले होते.

त्यानंतर मी विचारलं, "समजा तिसऱ्या बरणीतलं खरोखर परग्रहावरचं आहे आणि जिवंत आहे. पहिलं काम कोणतं?" फोटो काढायचा, पृथ्वीला चिठ्ठी पाठवायची, झाकण लावायचं, नाव ठेवायचं, अशी उत्तरं आली. नववीतली एक मुलगी, एरवी फारसं न बोलणारी, म्हणाली, "हात धुवायचे."

कोणीतरी म्हणालं, ते तर नंतर.

"नंतर नाही, आधी. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालतात का? लोणचं आपल्याला काही करत नाही. आपणच त्याला नासवतो."

मी क्षणभर फळ्याकडेच पाहत राहिलो. १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमाचं म्हणणं हेच आहे: दुसऱ्या ग्रहगोलांवर जाताना तिथे आपली घातक घाण पोचू द्यायची नाही. व्हायकिंग यानं पाठवण्याआधी आख्खी भट्टीत ठेवून ११२ अंशांच्या आसपास तीसेक तास तापवली होती, ती एवढ्याचसाठी. या मुलीने करार वाचलेला नव्हता. तिने आजीला उन्हाळ्यात बरण्या उन्हात तापवताना पाहिलं होतं.

अवकाश-प्रशिक्षण म्हटलं की आपण गरगर फिरवणारं यंत्र, पोहणं, व्यायाम यांबद्दल बोलतो. ते लागतंच. पण तेरा-सोळा वर्षांच्या मुलाला आज जे शिकवता येईल ते वेगळं आहे असं मला आता वाटतं. अनोळखी जीव समोर आला तर पुढे झालेला हात मागे कसा घ्यायचा, हे. तुमच्या मते याचा पहिला धडा कोणता?

---

भुसावळ_लोको

सर, मी ३१ वर्षं इंजिनावर होतो, आता निवृत्त. तुमच्या जोडीच्या नियमात एक भर घाला. आमच्याकडे सिग्नल दिसला की सहायक मोठ्याने बोलतो आणि लोको पायलटही मोठ्याने तेच बोलतो. दोघांनाही दिसतंय, मग बोलायचं कशाला, असं नवीन पोराला वाटतं. पण रात्री तीन वाजता डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. तोंडाने बोलल्याशिवाय पाहिलेलं डोक्यात जात नाही.

तुमची मुलं बाहेर गेली की एकाने जे दिसेल ते बोलायचं आणि दुसऱ्याने ते स्वतः पाहून परत बोलायचं. "दगड, काळा, खाली ओल." "दगड, काळा, खाली ओल." दुसऱ्याला ओल दिसली नाही तर तिथेच थांबायचं. पहिल्याच्या भरवशावर हो म्हणायचं नाही.

---

वाघूरची_लेक

माझी मुलगी आठवीत आहे, म्हणून आईच्या काळजीने विचारते. दोन रात्री मुक्काम, मुली, थंडी, नाल्यात विंचू-साप. परवानगी कशी घेतली? आणि खर्च कोणी केला? आमच्याकडे सहलीचे पैसे भरतानाच ओढाताण होते. त्यात दहावीचं वर्ष असेल तर घरचे विचारणार, आभाळाकडे बघून काय मिळणार?

---

गिरणाकाठ

ताई, मुलींच्या खोलीत दोन्ही शिक्षिका झोपत होत्या. नाल्यात फक्त उजेडी जायचं, पायात बूट आणि हातात काठी. बरण्या संध्याकाळीच आणल्या होत्या. लेखी परवानगी प्रत्येक घरातून घेतली. दहावीची चारच मुलं होती आणि त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो.

खर्चाचं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मलाही बैठकीत विचारला गेला होता. आमच्यापासून जवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे आजोबांचे ग्रंथ, म्हणजे सिद्धान्तशिरोमणी आणि इतर, शिकवण्यासाठी मठ काढला, असं त्यात कोरलं आहे. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग त्या वेळच्या मराठीत आहे. या पाटणात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, असं तो सांगतो. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात ग्रहगणित शिकणाऱ्या मुलांचा खर्च बाजारातून निघत होता.

मी बैठकीत एवढंच वाचून दाखवलं. आमच्या आठवडे बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशींनी दोन दिवसांची वांगी आणि मेथी दिली, एका पालकाने कळण्याचं पीठ. रोख खर्च बाराशे रुपये झाला, त्यातला निम्मा बॅटरीच्या सेलांवर.

---

मुक्ताई_परिसर

परग्रहावरचं काही हाती लागण्याची वाट कशाला पाहायची? १८४३ साली आपल्या पूर्व खान्देशात मानेगावला उल्का पडली होती. तो दगड डायोजेनाइट जातीचा. ही जात मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातल्या वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आलेली मानतात. डॉन यान २०११ मध्ये वेस्टाभोवती पोचलं, त्याच्या निरीक्षणांनी या समजाला बळ मिळालं. त्यात जीव नाही, खरं. पण आपल्याच शेतात आभाळातून दगड पडल्याचं कळल्यावर मुलांचे चेहरे बघा.

---

अक्राणी_पायवाट

मी तोरणमाळच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवते. घरी पावरी बोलणारी मुलं आहेत माझी. तुमचा धागा मी त्यांना वाचून दाखवला, पावरीत सांगत सांगत.

त्यांनी विचारलेला प्रश्न तुमच्या यादीत नाही. एक मुलगा म्हणाला, "तो जीव आपल्याला सापडला, की आपण त्याला सापडलो?" मी त्याला खुलवून विचारलं. तो म्हणाला, मागे आमच्या पाड्यावर माणसं आली होती. त्यांनी वही काढली, डोंगराचं नाव लिहिलं, ओढ्याचं लिहिलं. आमच्या आजाला विचारलं नाही. आजाकडे त्या ओढ्याचं नाव होतं.

त्यानंतर वर्ग बराच वेळ शांत होता. सर, तुमच्या मुलांच्या उत्तरांत "नाव ठेवायचं" हे होतं. माझी विनंती आहे, ते शेवटी टाका. आधी चित्र काढू दे. किती पाय, कोणता रंग, हलतं का, उजेडाकडे जातं की अंधाराकडे. नाव दिलं की बघणं थांबतं, हे मी रोज वर्गात पाहते. फुलाचं नाव सांगितलं की मुलं वही मिटतात.

---

गिरणाकाठ

ताई, हे मला सुचलं नव्हतं. लिहून घेतलं. पुढच्या सरावात वहीच्या पहिल्या पानावर नावाची ओळच ठेवणार नाही.

आता एक भांडण तुमच्यापुढे मांडतो, कारण ते मुलांमध्ये अजून मिटलेलं नाही. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तीत ५५ भाषांतली अभिवादनं आहेत. मराठी आहे त्यात, केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. मुलांनी लगेच विचारलं, अहिराणी? नाही. मग आपली पाठवू म्हणाली. तासभर खटपट करून तयार झालं ते असं:

"राम राम. आठे पानी शे. तुम्ही कोन शेतस?" (इथे पाणी आहे. तुम्ही कोण आहात?)

आणि इथेच दोन गट पडले. अर्धी मुलं म्हणतात, ओळख नाही पाळख नाही, त्याला आपल्याकडे पाणी आहे हे कशाला सांगायचं?

---

पांझरा_धुळे

ही अर्धी मुलं बरोबर आहेत. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरमागे कळशी घेऊन धावणारी आई पाहिली आहे त्यांना विचारा. पाणी कुठे आहे हे गावात कोणी मोठ्याने सांगत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये हाच इशारा दिला होता: कोलंबस अमेरिकेत पोचला तेव्हा तिथल्या लोकांचं भलं झालं नाही, तसंच आपलं होईल. आपण ऐकावं, पण हाक मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

---

रावेर_केळीबाग

दोन गोष्टी. पहिली, खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नाही. आमच्या रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, वरच्या ताईंकडे पावरी आहे. निरोप जाणार असेल तर सगळ्या बोलींत जाऊ दे.

दुसरी, पाणी लपवून लपणार नाही. दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या हवेत पाण्याची वाफ आहे का, हे आपण आजच दुर्बिणीने ओळखू शकतो, ताऱ्याचा उजेड त्या हवेतून गाळून येतो त्यावरून. आपल्याहून पुढे गेलेला कोणी तिकडे असेल तर त्याला आपलं पाणी आधीच दिसलं असेल. मग ते सांगणं म्हणजे गुपित फोडणं नाही. माझी आजी दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी तांब्या द्यायची. दुष्काळातही. पांझराकर, ती भोळी नव्हती. आलेला माणूस पाणी कसं पितो यावरून ती माणूस ओळखायची.

---

पांझरा_धुळे

आजीचा मुद्दा पोचला. पण आजीच्या दारात आलेला माणूस निदान माणूस होता. मी अजून "आधी ऐका" या बाजूलाच आहे.

---

ग्रहगणिती

निरोप शब्दांत पाठवला तर समोरच्याला भाषा कुठून कळणार? १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम १३ या तारकागुच्छाकडे जो संदेश पाठवला त्यात १६७९ खुणा होत्या, फक्त "आहे" आणि "नाही". १६७९ हा आकडा २३ गुणिले ७३ अशाच एका रीतीने मोडतो, दोन्ही मूळ संख्या. ज्याला गणित येतं तो खुणा त्या चौकटीत मांडेल आणि चित्र दिसेल. गुच्छ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, तेव्हा उत्तराची घाई नाही.

शाळेत करायचं तर ३५ खुणा घ्या, ५ गुणिले ७. एका खोलीतल्या मुलांनी आलेखाच्या कागदावर चित्र काढायचं, दुसऱ्या खोलीला फक्त बाकावर टकटक आणि टाळी ऐकू जाईल. चौकट किती आडवी, किती उभी, हे सांगायचं नाही. आमच्या अमळनेरच्या मुलांना पहिल्यांदा पाऊण तास लागला. चित्र आडवं मांडून त्यांना बैल दिसत होता, उभं मांडल्यावर कळलं की तो माणूस आहे.

---

वाघूरची_लेक

खर्चाचं वाचून मुलीच्या वडिलांशी बोलले. तयार आहेत. इस्रोचा युविका म्हणून काही कार्यक्रम असतो म्हणतात, त्याची माहिती कोणी देईल का?

---

ग्रहगणिती

ताई, युविका म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. २०१९ मध्ये सुरू झाला, करोनात खंड पडला होता. नववीत शिकणाऱ्यांसाठी, इस्रोच्या केंद्रात राहून सुमारे दोन आठवडे. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, स्काउट-एनसीसी यांचा विचार होतो आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना त्याचे वेगळे गुण मिळतात. प्रवास-जेवणाचा भार घरच्यांवर नाही. मुलगी आठवीत आहे म्हणजे आत्ताच प्रदर्शनात भाग घ्यायला लावा.

---

पेट्रीबशी

मूळची जळगावची, आता पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. हात धुण्याचं वाचून मला जयंत नारळीकरांचा प्रयोग आठवला. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली होती. तिथे जिवाणू आहेत का आणि असतील तर ते खालून गेले की वरून आले, हा प्रश्न होता. त्यातून तीन नव्या जाती मिळाल्या. एकीचं नाव इस्रोवरून ठेवलं, एकीचं आर्यभटावरून आणि एकीचं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून. त्या अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या होत्या. २००९ मध्ये निकाल जाहीर करताना, हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असं सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगितलं गेलं. सगळा देश "परग्रहावरचे" हा शब्द ऐकायला टपलेला असताना हे सांगायला मोठं मन लागतं. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा.

आणि एक काम सुचवते. जिवंत गोष्टीवर सराव करायचा असेल तर विहिरीच्या कठड्यावरचं वाळलेलं शेवाळ घ्या, चिमूटभरच. हात आधी धुवा! बशीत पावसाचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घेऊन रात्रभर भिजवा, सकाळी पिळा आणि तो थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. चिकाटी असेल तर टार्डिग्रेड दिसेल, जलअस्वलही म्हणतात त्याला. जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेक त्याहून लहान. पाणी आटलं की तो आक्रसून वर्षानुवर्षं पडून राहतो, पाणी मिळालं की उठतो. २००७ मध्ये फोटॉन-एम ३ यानातून यांना १० दिवस उघड्या अवकाशात ठेवलं होतं, त्यातले काही जगले. शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अवकाश स्थानकावर होते तेव्हा त्यांच्या प्रयोगांतही हे प्राणी होते.

मुलांना नाव सांगू नका. काय दिसलं ते त्यांच्याकडूनच येऊ द्या.

---

गिरणाकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. परवा रविवारी केलं.

शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून शेवाळ घेतलं, मालकाला विचारून. लोको पायलट काकांच्या पद्धतीने जोडीजोडीने, बोलून. हात धुण्याची जबाबदारी अर्थातच त्या नववीतल्या मुलीकडे होती आणि तिने मलाही परत पाठवलं, माझ्या नखांत खडू होता म्हणून.

पहिल्या अकरा थेंबांत काही नाही. हिरवे तुकडे, एक लांब पारदर्शक अळीसारखं काहीतरी. दुपार झाली, पाच मुलं घरी गेली. बाराव्या थेंबाला एका मुलाने श्वास रोखून धरला आणि बाजूच्याला हाताने बोलावलं. ओरडला नाही. सोड्याच्या बरणीला ओरडलेला हाच मुलगा.

पाळीपाळीने सगळ्यांनी पाहिलं आणि वह्यांत लिहिलं. एका वहीतलं जसंच्या तसं देतो: "पाय ८. पुढे ६ आणि मागे २. नखं आहेत. गुबगुबीत. पोहत नाही, चालायला बघतं पण काचेवर पाय टिकत नाही. आत हिरवं दिसतं, ते त्याचं जेवण असेल." खाली नावाची ओळ नव्हतीच, पण तिने स्वतः एक ओळ आखून कोरी ठेवली आहे.

संध्याकाळी शेवाळ पाण्यासकट परत त्याच कठड्यावर, त्याच जागी ठेवायला गेलो. विहिरीचे मालक, सत्तरीचे आहेत, तिथेच बसले होते. काय नेलं होतं विचारत होते. मुलं सूक्ष्मदर्शक उचलून घेऊन गेली आणि सायकलच्या आरशाने मावळतीचा उजेड पाडून त्यांना दाखवलं. आबांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग मान वर करून म्हणाले, "हाई पानी आम्ही पेतस?"

मुलीने सांगितलं, आबा, ते शेवाळात राहतं, पोटाला काही करत नाही.

"कवयपासून शे हाई आठे?"

विहीर बांधली त्याच्याही आधीपासून असेल, ती म्हणाली.

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा वाकले.